बिनपदवीचा मास्तर

सर्वपित्रीच्या दिवशी सांगलीहून चुलतभावाचा फोन आला. माझ्या वडिलांचे पान त्याच्या घरी वाढले जाते, कारण त्यांचा एकुलता मुलगा गेली अकरा वर्षे कंबोडियात, बात्तामबांगला इंग्रजी शिकवतो आणि पितृपक्षात त्याला एकदाही घरी जाणे जमलेले नाही. कावळा पहिल्या फेरीतच शिवला, एवढे सांगायला दादाने फोन केला होता. पण दोन मिनिटांत विषय टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिला, आणि तेव्हापासून दादाला दुसरे काही सुचत नाही. तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तो 2003 पासून आहे; पहिली तीन वर्षे त्याने शिक्षणसेवक म्हणून महिना 3000 रुपयांवर काढली. "बावीस वर्षं पोरं शिकवली, आता मी मास्तर आहे का नाही ते परीक्षा ठरवणार? अनुभवाला काही किंमत?" असे तो तावातावाने विचारत होता आणि मी मनापासून हो ला हो देत होतो. मग त्याच दमात तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तिकडं कुणीबी उठतो आन् मास्तर होतो. ग्रॅज्युएट नसलेल्या माणसानं इंग्रजी शिकवायचं, ही त्या पोरांची फसवणूकच की."

त्याच्या अनुभवाला कागद मागितला तर अन्याय, आणि माझ्या अनुभवाकडे कागद नाही म्हणून ती फसवणूक, हा न्याय मला त्या वेळी पचला नाही आणि अजूनही पचत नाही.

दादाचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे मात्र नाही. दक्षिण कोरिया इंग्रजीच्या शिक्षकाला व्हिसा देताना पदवी पाहतो आणि तीही साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांची. व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्यासाठी पदवी लागते. शेजारच्या थायलंडमध्येही शाळेत शिकवायचे तर ती दाखवावी लागते. माझ्यासारख्याला उरतात ते इथले संध्याकाळचे खासगी वर्ग. माझ्याजवळ आहे ते 120 तासांचे एक प्रमाणपत्र, तेही घरी बसून मिळवलेले. पण हे वर्ग का निघाले, याची चौकशी दादाने कधी केली नाही. 1975 ते 1979 या काळात या देशात शिकलेली माणसे वेचून मारली गेली आणि त्यांत शिक्षक फार होते. पुढच्या दशकात शाळांतून रशियन आणि व्हिएतनामी चालत असे. इंग्रजी शिकायची ती चोरून. आमच्या वर्गाच्या मालकीणबाई कोणाच्या तरी घराखाली, खांबांच्या आडोशाला, रॉकेलच्या दिव्यावर इंग्रजी शिकल्या, आणि ज्याने शिकवले त्यालाही पुस्तकाचे पहिले दहा धडेच येत होते. 1999 मध्ये देश आसियानमध्ये गेला, तिथला सगळा कारभार इंग्रजीत, आणि मग ज्याला त्याला ही भाषा हवीशी झाली. मला कामावर घेताना बाईंनी पदवी विचारली नाही, "उद्या येणार ना? परवा येणार ना?" एवढेच विचारले, कारण त्यांचे आधीचे तीन शिक्षक महिना संपायच्या आत समुद्रकिनाऱ्याकडे निघून गेले होते.

शिवाय आपल्याकडचे काय? महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पहिलीच्या शिक्षकाला बारावीनंतर दोन वर्षांची पदविका पुरते, पदवी लागत नाही. दादा स्वतः बारावी आणि डी.एड.वरच लागला, बी.ए. त्याने नंतर मुक्त विद्यापीठातून केले. हे मी त्याला ऐकवले. त्यावर न थांबता, सांगली-साताऱ्याकडचा माणूस वादात हरू लागला की जे करतो तेच मी केले आणि कर्मवीरांना मध्ये आणले. मॅट्रिकही न झालेले भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेत होते आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत, मग त्यांचा कागद कोणी तपासला होता? दादा रयतच्याच शाळेत शिकलेला. तो शांतपणे म्हणाला, "आन् 1935 साली शिक्षक घडवायला त्यांनीच साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं. ते कशाला काढलं मग?" याला उत्तर नव्हते, म्हणून मी टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे जे प्रकरण 2021 च्या अखेरीस उघडकीला आले त्याकडे वळलो, जे खरे तर माझ्यापेक्षा त्याच्याच बाजूचे होते.

फसवणुकीचेच बोलायचे तर माझ्या वर्गातली एक संध्याकाळ सांगतो. साडेपाचच्या तुकडीत तेरा-चौदा वर्षांची सोळा मुले आहेत. माझ्या आधी त्यांना शिकवणारा इंग्रज तरुण 'पेन' म्हणून घेताना नुसते "मोठ्याने, मोठ्याने" म्हणत असे, आणि मुले त्याच सपाट 'प'ने आणखी मोठ्याने ओरडत. त्यांची चूक मला कळली ती केवळ माझीही तीच चूक होती म्हणून. ख्मेर वर्णमाला आपल्यासारखीच क, ख अशी सुरू होते, आणि 'प' व 'फ' हा भेद त्या मुलांच्या तोंडात जन्मापासून असतो; 'फ' म्हणजे माझी आजी 'फळ' म्हणताना ओठ मिटून काढायची तो, आजकालचा दातांवरचा नव्हे. मी वहीच्या पानाची बोटभर पट्टी फाडली, ओठांसमोर धरली आणि आपला 'प' म्हटला. पट्टी हलली नाही. मग तिच्यावर इंग्रजांचा 'पेन' म्हटला, जो ऐकायला जवळजवळ आजीचा 'फेन' असतो, आणि पट्टी फडफडली. सोळाही मुलांनी पट्ट्या फाडल्या; बाहेर मोटारसायकलींवर थांबलेल्या आयाही तोंडासमोर बिले धरून फुंकू लागल्या. ही युक्ती मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही.

त्या इंग्रज तरुणाकडेही पदवी नव्हती. त्याला ताशी 12 डॉलर मिळत होते, मला 7 मिळतात, आणि वर्गाच्या फलकावर अजून त्याचाच फोटो आहे. म्हणजे कागद लागतो तो इथेही. काहींच्या बाबतीत तो चेहऱ्यावरच छापलेला असतो. हे मात्र मी दादाला सांगितलेले नाही. घरी गेलो की मी डॉलरचे रुपये करून सांगतो, आणि "आमच्याकडे असली प्रमाणपत्रांची कटकट नाही" असे ऐटीत म्हणतो.

टी.वाय.चे माझे दोन विषय राहिले आहेत, हे घरात फक्त दादाला माहीत आहे. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि त्यांनी सगळ्या यार्डाला सांगून ठेवले होते की पोरगा परदेशात प्रोफेसर आहे. महापुराच्या वर्षी, 2019 च्या डिसेंबरात ते गेले. मी बारा दिवसांसाठी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक तोलाईदार मला "प्रोफेसरसाहेब" म्हणून हात जोडत होता. मी कोणाला दुरुस्त केले नाही. शेजारी सतरंजीवर दादा बसला होता. तोही काही बोलला नाही, फक्त येणाऱ्यांना चहा देत राहिला. 'फसवणूक' हा शब्द त्याच्या तोंडून आल्यामुळेच एवढा लागला असावा.

इथेही ते पितरांचेच दिवस होते. प्चुम बेनची सुट्टी होती, आणि एका विद्यार्थ्याच्या आजीने मला पहाटे चार वाजता पॅगोडात नेले. अंधारात प्रदक्षिणा घालत भाताचे गोळे टाकायचे असतात. त्या गोळ्यांना म्हणतात तो 'बेन' म्हणजे आपला पिंडच, जसा 'लोक क्रू' या माझ्या इथल्या हाकेतला 'क्रू' म्हणजे गुरू. आजीने माझ्या हातात गोळा दिला आणि नाव घे म्हणाली. मी वडिलांचे नाव घेतले. तिकडे दुपारी दादाच्या घरी त्यांचे पान वाढले जाणार होते. दोन्हीकडचे त्यांना पोचते की एकाच ठिकाणचे, हे कोणाला विचारावे कळेना.

वाद तिथेच मिटला नाही, पण आठवड्याने दादाचा पुन्हा फोन आला. टीईटीत दुसरी भाषा इंग्रजी, तिचे 30 गुण, आणि तेच त्याला अवघड जात होते. घरात कोणाला सांगू नको, असे तो म्हणाला. आता दर रविवारी तिकडे सकाळचे सहा आणि इकडे साडेसात वाजले असताना आम्ही फोनवर जुने प्रश्न सोडवतो. परवा एका प्रश्नाचे उत्तर मी चटकन दिले. "बरोबर. पण का?" त्याने विचारले. कानाला तेच बरे लागते, यापलीकडे मला काही सांगता येईना. पाने उलटल्याचा आवाज आला आणि दादाने मला नियम वाचून दाखवला, हळूहळू, दोनदा, समोर चौथीचा वर्ग बसला असावा तसा.