रे मिस्टेरिओ जिवंत आहे, आणि त्या मेसेजमधलं बाकीचंही तपासून बघा

डिसेंबर २०२४ पासून ही गोष्ट फिरतेय, मधे थंडावते आणि परत कुणीतरी काळ्या चौकटीतला फोटो टाकतं. शेअर करणारे बहुतेक लोक टेन स्पोर्ट्सवर रेसलिंग बघत मोठे झालेले आहेत, त्यांचं वाईट वाटणं अगदी खरं आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं. सगळे तुकडे जोडले तर दावा असा होतो: मास्कवाला रे मिस्टेरिओ वारला, तो मेक्सिकोतला पोरगा होता, त्याचा चेहरा शेवटपर्यंत कुणी पाहिला नाही, ६१९ ही त्याची गाजलेली मूव्ह मारून त्याने रिंगमध्ये एकाचा जीव घेतला होता, आणि चॅम्पियन झाला तो फक्त एडी ग्युरेरो या दुसऱ्या रेसलरच्या मरणाच्या सहानुभूतीवर.

"रे मिस्टेरिओ वारला"

वारले ते थोरले रे मिस्टेरिओ. मिगेल आन्हेल लोपेस दियास, मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या टिहुआना शहराचे, डब्ल्यूडब्ल्यूईमधल्या रे चे अंकल. २० डिसेंबर २०२४ ला ते गेले, वय ६६. धाकट्याला त्याच्या काही दिवस आधीच, ११ डिसेंबरला, ५० पूर्ण झाली होती, आणि २०२५ मध्ये तो परत डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ शोमध्ये, रिंगमध्ये लढताना सगळ्यांनी बघितला. नाव एकच, मास्कही एकाच घराण्यातला, त्यामुळे घाईत गोंधळ होऊ शकतो हे मान्य आहे. पण बातमी उघडून वय वाचलं असतं तरी कळलं असतं.

मला जास्त लागतं ते वेगळंच. थोरले हे साधे कुणी नव्हते. टिहुआनात त्यांच्या हाताखाली पोरं तयार झाली, रेसलर कोनान त्यांचा, सिकोसिस त्यांचा, आणि हा धाकटाही त्यांचाच. १९९० च्या स्टारकेड या अमेरिकेतल्या शोमध्ये टॅग टीमची, म्हणजे जोड्यांची, जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती तिथे मेक्सिकोकडून कोनानच्या जोडीला हेच उतरले होते. धाकट्याने १९८९ मध्ये चौदाव्या वर्षी पहिली मॅच खेळली ती दुसऱ्याच नावाने, मग कोलिब्री म्हणूनही लढला, आणि नंतर अंकलनी स्वतःचं नाव दिलं, तेव्हा कुठे तो रे मिस्टेरिओ ज्युनिअर झाला. म्हणजे तो वस्ताद गेला आणि श्रद्धांजलीला फोटो लागला शिष्याचा. त्या माणसाच्या वाट्याला स्वतःची श्रद्धांजलीसुद्धा धड आली नाही.

"मेक्सिकोतला पोरगा"

अर्धं बरोबर. घरचे मेक्सिकन, शिकला टिहुआनात, पण जन्म चुला व्हिस्टाचा, म्हणजे कॅलिफोर्निया, सॅन डिएगोला लागून, बॉर्डरच्या अलीकडे. ६१९ हा त्याच भागाचा फोनचा एरिया कोड आहे. पोरगा बॉर्डर ओलांडून ट्रेनिंगला जायचा, बस एवढंच.

"चेहरा कुणी पाहिलाच नाही"

हे तर सगळ्यात सोपं, कारण चेहरा दोन वर्षं टीव्हीवर दिसत होता. २१ फेब्रुवारी १९९९, ऑकलंड, तेव्हाच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा सुपरब्रॉल शो. एका बाजूला रे आणि कोनान, दुसऱ्या बाजूला केविन नॅश आणि स्कॉट हॉल. पैज अशी की रे हरला तर मास्क जाणार, ते हरले तर त्यांच्या बाजूच्या मिस एलिझाबेथचे केस जाणार. रे हरला आणि तिथेच मास्क काढावा लागला, आतून निघाला एक गोड चेहऱ्याचा चोवीस वर्षांचा पोरगा. मग २००१ मध्ये कंपनी बंद पडेपर्यंत तो तसाच उघड्या चेहऱ्याने लढला. त्याच काळात त्याने नॅशसारख्या धिप्पाड माणसाला हरवलं होतं, कुणाला आठवत असेल तर.

हे किती मोठं नुकसान होतं ते कळायला मेक्सिकोत मास्कला काय किंमत आहे ते बघावं लागतं. तिथे मास्कची पैज म्हणजे वर्षानुवर्षांच्या वैराचा शेवट, हरणारा भर अरेनात मास्क उतरवतो, स्वतःचं खरं नाव सांगतो, आणि एकदा गेलेला मास्क परत घालायचा नाही हा रिवाज. मेक्सिकोतला दंतकथा झालेला रेसलर एल सांतो, त्याने १९५२ मध्ये ब्लॅक शॅडो या दुसऱ्या मास्कवाल्याचा मास्क जिंकला आणि त्या एका रात्रीने तो कुठच्या कुठे गेला. स्वतःचा मास्क त्याने कधीच हरला नाही, १९८४ मध्ये गेला तेव्हा पुरलं तेही मास्कसकट. आणि इथे रे चा मास्क अमेरिकेतल्या एका टॅग मॅचमध्ये, ज्यांच्याशी त्याचं वर्षानुवर्षांचं वैरही नव्हतं अशा जोडीसमोर, वाया घालवला. तो स्वतः या निर्णयाच्या विरोधात होता, हे त्याने नंतर उघड सांगितलंय. २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आल्यावर मास्क परत चढला म्हणून मेक्सिकोतले जुने लोक नाराज झाले, तेही मला समजतं. पण आपल्याकडच्या पोरांनी त्याला आधी बघितला तो या दुसऱ्या मास्कमध्येच, म्हणून 'चेहरा कुणी पाहिला नाही' ही दंतकथा पसरली.

"६१९ मारून जीव घेतला"

हा आरोप गंभीर आहे, म्हणून सावकाश लिहितो. २० मार्च २०१५, टिहुआना, टॅग मॅच. रे समोर पेरो अगुआयो ज्युनिअर, बड्या पैलवानाचा मुलगा, मेक्सिकोत स्वतःच्या बळावर स्टार झालेला, वय ३५. रे ने मागून ड्रॉपकिक, म्हणजे उडी मारून दोन्ही पायांची लाथ, मारली, ती वरच्या पाठीवर, खांद्याच्या बाजूला. रोज शेकडो रिंगमध्ये मारली जाते तशीच. अगुआयो पुढे रिंगच्या रोपवर, म्हणजे दोरावर, पडला, मान झटक्यात गेली आणि तो मधल्या रोपवर तसाच लटकून राहिला.

आता ६१९ कशी असते बघा: समोरचा मधल्या रोपवर ओठंगलेला असतो, रे पळत येतो, रोप हातात धरून दोन रोपच्या मधून पाय बाहेर फिरवतो आणि ते पाय तोंडावर बसतात. म्हणजे या मूव्हच्या आधी माणूस रोपवर लटकलेलाच लागतो. त्यामुळे रिंगमधल्या कुणालाही, प्रेक्षकांनाही, काही वेगळं वाटलं नाही, सगळ्यांना वाटलं आता ६१९ येणार. इजा तर त्याच्या आधीच झाली होती, मानेचे मणके मोडले होते. मॅच चालू राहिली, कोनान बाजूला जाऊन त्याला हलवून बघत होता, डॉक्टर त्या वेळी दुसऱ्या जखमी पैलवानांजवळ होते, आणि अगुआयोला बाहेर नेलं ते स्ट्रेचर नाही तर प्लायवूडच्या फळीवर. मध्यरात्रीनंतर हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. रे वर खटला झाला नाही.

विचारायचंच असेल तर हे विचारा, की मान मोडू शकते अशा धंद्यात रिंगच्या कडेला एक स्ट्रेचर आणि एक मोकळा डॉक्टर का नव्हता. ते कुणी शेअर करत नाही. 'खुनी ६१९' वर लाईक मिळतात, आणि मेलेल्याचं नावही त्यात नसतं.

"एडीमुळे बेल्ट मिळाला"

इथे थोडं मान्य करतो. एडी १३ नोव्हेंबर २००५ ला गेला, आणि त्याचं मरण स्टोरीत ज्या पद्धतीने वापरलं, रेसलर रँडी ऑर्टनच्या तोंडी त्याच्याबद्दल जे घातलं, ते वाईट होतं. पण २००६ चा रॉयल रंबल बघा, ज्यात रेसलर नंबराने एकेक करून आत येतात, रे दुसऱ्या नंबरला आत आला आणि तासाभराच्या वर टिकून जिंकला, उंची जेमतेम साडेपाच फूट. निकाल ठरलेला असतो हो, तासभर पळणारी फुप्फुसं आणि पुन्हा पुन्हा ऑपरेशन झालेले गुडघे ठरलेले नसतात. २ एप्रिलला रेसलमेनियामध्ये कर्ट अँगल आणि ऑर्टन दोघांविरुद्धच्या मॅचमध्ये चॅम्पियनचा बेल्ट घेतला. सहानुभूतीच असती तर पुढे राजासारखा ठेवला असता ना, उलट चॅम्पियन असताना त्याला मार्क हेन्रीकडून चिरडलं, आपल्या खलीकडूनही चिरडलं.

आणि एडीशी त्याचं नातं २००५ मध्ये सुरू झालेलं नाही. २६ ऑक्टोबर १९९७, लास वेगास, डब्ल्यूसीडब्ल्यूचाच हॅलोविन हॅवॉक शो. एडीचा क्रुझरवेट, म्हणजे हलक्या वजनाचा, बेल्ट विरुद्ध रे चा मास्क. रे अंगभर जांभळ्या सूटमध्ये, फँटमवरून घेतलेला, म्हणजे आपण इंद्रजालमध्ये वाचलेला तोच वेताळ. एडी पूर्ण मॅच तो मास्क ओरबाडत होता, आणि रे ने हवेतल्या हवेत अशी काही कलटी घेतली की एडीलाच डीडीटी बसला, म्हणजे डोक्यावर आपटला. मॅच चौदा मिनिटांच्या आसपास आहे. त्या रात्री बेल्ट रे ने जिंकला, मास्कही राखला, आणि समोरचा एडी चांगला जिवंत होता, जोरात होता.