प्रकाश नेहमी तापवतोच असं नाही

सध्या एक संदेश बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय: ‘लेझर आणि मायक्रोवेव्ह वापरून ड्रमची हालचाल पूर्ण थांबवली, ही थाप आहे. प्रकाशाने वस्तू तापते, गार होत नाही. आणि क्वांटमचे नियम फक्त अणू-इलेक्ट्रॉनपुरते असतात.’ विज्ञानाची बाजू घेतल्याच्या आवेशात हे लिहिलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आधी तापण्याचं बघू. 2011 मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या निस्ट या सरकारी मोजमाप-संस्थेच्या प्रयोगशाळेत जॉन ट्यूफेल आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा ड्रम, म्हणजे कंप पावणारा सूक्ष्म पडदा, घेतला. व्यास 15 मायक्रोमीटर, जाडी 100 नॅनोमीटर, कंपनं सेकंदाला सुमारे एक कोटी. तो एका विद्युत मंडलाचाच भाग होता. मंडलाला जी वारंवारता हवी, तिच्याहून किंचित कमी वारंवारतेचे मायक्रोवेव्ह त्यात सोडले. ही तूट बरोबर ड्रमच्या कंपनाएवढी ठेवली होती. आत शिरायचं तर फोटॉनला, म्हणजे मायक्रोवेव्हच्या (तोही प्रकाशच) कणाला, तूट भरून काढावी लागते, आणि ती ऊर्जा तो ड्रमकडून घेतो. बाहेर पडताना ती घेऊनच जातो. फ्रिजने निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.02 अंशांवर आणलेल्या ड्रममध्येही कंपनाचे सुमारे चाळीस पुंज (कंपनाच्या ऊर्जेचे सगळ्यात लहान हिस्से) उरतात. या युक्तीने ते सरासरी 0.34 वर आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्टीवर लेझरने हेच साधलं. प्रकाश तापवतो की निववतो, हे त्याची वारंवारता कुठे लावली आहे त्यावर ठरतं.

‘पूर्ण थांबवली’ ही मात्र खरंच चूक आहे, पण ती बातम्यांची. संशोधकांनी तसं म्हटलेलं नाही. सगळी उष्णता काढली, म्हणजे वर मोजलेले पुंज शून्यावर आणले, तरी त्यांच्याखेरीज अर्ध्या पुंजाएवढी थरथर उरतेच. ती काढता येत नाही.

राहिला अणूपुरतेपणाचा मुद्दा. त्या ड्रममध्ये सुमारे एक लाख कोटी अणू होते. 2021 मध्ये निस्टने असे दोन ड्रम क्वांटम अर्थाने एकमेकांत गुंतवून दाखवले, म्हणजे दोघांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. त्याच वर्षी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकन शोधकाच्या प्रत्येकी 40 किलोच्या चार आरशांची एकत्रित हालचाल सरासरी 10.8 पुंजांपर्यंत उतरवली गेली. तिथे पद्धत वेगळी होती: प्रकाशाने हालचाल मोजायची आणि उलट्या दिशेने बल लावून ती आवरायची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचाच भारतीय शोधक उभारायला केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली आहे. तिथेही असेच आरसे टांगले जातील.