आईच्या हातातली चाळण

१६ फेब्रुवारी १९८०. मी आठ वर्षांची होते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला आमच्या घरी सकाळीच खिडक्यांवर घोंगडी चढली. दुधात, पाण्याच्या कळशीत, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तुळशीची पानं पडली. आजीनं मधल्या खोलीत परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं, ते पडलं की ग्रहण सुटलं म्हणून. काकू गरोदर होती. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलेलं, विळीकडे बघायचंही नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला घर आणखी अंधारलं. बाहेरून आरोळी आली, “दे दान, सुटे गिराण!” पश्चिमेकडच्या खिडकीवरच्या घोंगड्याला एक बारीक भोक होतं. त्यातून समोरच्या भिंतीवर कवडसा पडला होता, आणि तो गोल नव्हता. कापलेल्या नखाएवढी कोर होती. मी बोट दाखवलं तशी आईनं पटकन माझे डोळे झाकले आणि भोकात चिंधी कोंबली.

ती कोर म्हणजे सूर्य होता. आमच्यापासून दक्षिणेला, अंकोला-रायचूरच्या पट्ट्यात, त्याच वेळी भरदिवसा रात्र झाली होती.

पुण्याला शिकायला आल्यावर मला एक गोष्ट कळली आणि मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहणाची सावली आमच्या जेऊरवरून गेली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी करणारे कावसजी दादाभाई नायगमवाला तेव्हा आपली उपकरणं घेऊन जेऊरला आले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल समुद्र ओलांडून आले, सोबत चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. तेही साधारण दोन मिनिटांच्या अंधारासाठी! देशात प्लेग, पुण्यात आदल्याच वर्षी रँडचा खून झालेला, तरी ही माणसं माळावर तंबू ठोकून राहिली. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी किरीटाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या मंद प्रभेचा (कोरोनाचा), एक झोत टिपला. एवढा लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला होते. (१८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयरनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला असं आपण दरवर्षी एकमेकांना पाठवतो. १८६८ ला ते इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले १८९८ ला. खरी गोष्टही तितकीच मोठी आहे, ती सांगू या.)

ज्या गावात जग ग्रहण बघायला आलं, त्या गावात ८२ वर्षांनी आम्ही भोकात चिंधी कोंबून बसलो होतो. शाळेत कुणी आम्हाला हे सांगितलं नाही.

म्हणून २४ ऑक्टोबर १९९५ ला मी खग्रास ग्रहण बघायला गेलेच. ऐन दिवाळी. “सणासुदीला, त्यात गिराणाला, पोरीनं घराबाहेर?” असं म्हणून आई दोन दिवस बोलली नाही. आम्ही चार मैत्रिणी फत्तेपूर सिक्रीला पोचलो. सकाळी साडेआठच्या आसपास उजेड बदलू लागला. संध्याकाळचा उजेड पिवळसर असतो, हा तसा नव्हता. राखाडी, धातूसारखा, आणि सावल्यांच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. अंगावर गार हवा आली. पोपटांचा थवा ओरडत झाडावर परतला. मग शेवटचा एक ठिपका हिऱ्यासारखा लखलखला आणि विझला.

वर एक काळं छिद्र. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे, रेशमी पंख पसरलेले. खाली शुक्र. मी मनात आकडे मोजायचे ठरवले होते. बारापर्यंत आले आणि पुढचं आठवत नाही. मिनिटभरसुद्धा झालं नाही तोच दुसऱ्या कडेनं उजेड फुटला. शेजारची एक म्हातारी हात जोडून उभी होती. माझेही हात जोडलेलेच होते, कधी जोडले ते कळलं नाही.

तेव्हापासून मी ज्याला-त्याला सांगत आले आहे की नव्याण्णव टक्के ग्रहण आणि शंभर टक्के ग्रहण यात एका टक्क्याचा फरक नाही. सूर्याचा शंभरावा भाग उरला तरी किरीट दिसत नाही, कारण तो सूर्यापेक्षा जवळजवळ दहा लाख पटींनी मंद असतो. टीव्हीवर तर काहीच कळत नाही. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा, आणि सुमारे चारशे पट लांब, म्हणून हे झाकण इतकं नेमकं बसतं. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटर दूर चाललाय. हे कायमचं नाही हो!

आणि तरी आपण काय करतो? निम्मे लोक दार लावून बसतात. उरलेल्यांपैकी पुष्कळ जण ग्रहणात मुद्दाम खाऊन फोटो टाकतात. बघत दोघंही नाहीत. माझ्या आजीला हसू नका. तिनं दिवसभर उपास केला, पाण्यापासून मुसळापर्यंत घर त्या एका घटनेभोवती बांधलं, सुटल्यावर गार पाण्यानं अंघोळ केली. ग्रहण ही मोठी गोष्ट आहे हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त बघू दिलं नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. राग येतो तो आजच्या शिकलेल्यांचा, जे सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलांना खाली पाठवू नका’ असं लिहितात आणि खाली शंभर अंगठे पडतात.

डोळ्यांची काळजी मात्र खरी आहे, त्यात तडजोड नको. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, काहीही चालत नाही. दृष्टिपटल भाजताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. खात्रीच्या ठिकाणचे ग्रहणचष्मे घ्या. नाहीतर सूर्याकडे पाठ करा, घरात चाळण आहेच, तिच्या भोकांतून जमिनीवर पडणारे कवडसे बघा.

१५ जानेवारी २०१०. संक्रांतीचा दुसरा दिवस, मी जेऊरला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आत बसलेली, पाण्यात तुळस टाकून. मी अंगणात पिठाची चाळण धरली आणि हाक मारली. आधी आलीच नाही. मग दारापर्यंत आली, पदर कपाळापर्यंत ओढून. जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. कडुलिंबाच्या खालीही तशाच, वारा आला की हलणाऱ्या.

“अगं बया,” ती म्हणाली, “ही तीच की गं. भिंतीवरची.”

तीस वर्षं तिच्या लक्षात होती.

तिनं माझ्या हातातून चाळण घेतली. हात दुखतील म्हटलं तरी दिली नाही. कोरी भरत भरत पुन्हा गोल होईपर्यंत ती उन्हात उभी राहिली, आणि मग अंघोळीला गेली.

२ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास दिसणार आहे. ऐन पावसाळा आहे, ढग असतील. तरी मी जेऊरला जाणार आहे. आमच्या अंगणात यायचं असेल त्यांनी आपापली चाळण आणा.