अनुपम रॉय आधी गीतकार, बाकी सगळं नंतर

आपल्याकडे अनुपम रॉय म्हणजे ‘पिकू’चा संगीतकार, बस. त्या पार्श्वसंगीताला फिल्मफेअरही मिळालं. पण त्यातल्या ‘बेज़ुबान’चे शब्द मनोज यादवचे. म्हणजे या माणसाची खरी ताकद ज्यात आहे, नेमकं तेच हिंदीवाल्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. माझ्या मते तो आधी गीतकार, मग गायक, आणि संगीतकार सगळ्यात शेवटी. (बंगाली मित्रांनो, शिव्या कमेंटमध्ये.)

जादवपूर विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचं इंजिनिअरिंग, मग बंगळुरूला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सर्किट डिझाइन. २०१० साली सृजित मुखर्जीच्या ‘ऑटोग्राफ’ या बंगाली सिनेमात त्याचं ‘आमाके आमार मतो थाकते दाओ’ आलं, तेव्हाही तो नोकरीतच होता. मला माझ्यासारखं राहू द्या, एवढंच मागणं. वर म्हणतो, जे नव्हतंच ते न मिळालेलंच बरं, सगळं मिळालं तर आयुष्य नासेल! सिनेमातला हिरो असं बोलत नाही. परगावी भाड्याच्या खोलीत राहणारा, आईला फोनवर ‘हो गं, जेवलो’ सांगणारा पोरगा बोलतो. ज्या भाषेत गौरीप्रसन्न मजुमदारांनी ‘सप्तपदी’साठी ‘हा रस्ता संपलाच नाही तर?’ असं लिहिलं आणि उत्तम कुमार-सुचित्रा सेन ही लाडकी जोडी पडद्यावर मोटारसायकलवरून ते गात गेले, त्याच भाषेत हे. धाडसच म्हणायचं.

पण माझं आवडतं ‘प्राक्तन’मधलं (२०१६). सिनेमा घडतो मुंबई-कोलकाता गाडीत, आणि बाईच्या समोर कोण येऊन बसावं, तर आधीच्या नवऱ्याची आताची बायको. ‘तुमि जाके भालोबाशो’त न्हाणीघरातली वाफ आहे, आतून कडी लावलेलं दार आहे, अंगात सणकून ताप आहे. आणि समोरच्याच्या बोलण्याला चक्क ध्वनिप्रदूषण म्हटलंय. विरहगीतात! भांडून दमलेल्या माणसाला हेच सुचणार.

२०१७ मध्ये याच गाण्यासाठी त्याला गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तमिळ गीतकार वैरमुत्तूंबरोबर विभागून. त्यांचा सातवा, याचा पहिला. गायिका इमन चक्रवर्तीलाही याच गाण्यासाठी मिळाला. शब्द आणि गळा दोन्हींना दाद, चालीला नाही. परीक्षकांवर एरवी मी वैतागतो, यावेळी नाही.

कारण चालींचं काय होतं, सांगतो. त्याची गाणी सलग ऐकत बसा, चाली एकमेकींच्या चुलतबहिणी वाटायला लागतात. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच असला की ‘अरे, हे झालंय आधी’ असं सांगायला खोलीत कोणी उरतच नाही. त्याने अधूनमधून नुसते शब्द लिहून दुसऱ्याच्या हवाली करावेत, असं मला फार वाटतं.

‘तुमि जाके’ दोघांनीही वेगवेगळं गायलंय. इमनचं आधी ऐका. शब्द तेच, पण तिच्या गळ्यात राग आहे, त्याच्या आवाजात नुसता थकवा.