‘चेंबरात बसली का झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया आधी इथं देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल : “तुमी लोकायले फुकट भेव दाखवता. परवान्यावर ०.३२ लिहेल आहे तं ०.३२ ची कोणतीही गोळी चालते. चेंबरात बसली का झालं. आमच्या बुढ्याचं रिव्हॉल्व्हर मोडून उघडते, नळीवर अंड्यासारखा शिक्का आहे. आजलोक काही झालं नाही.”

काही झालं नाही, हे खरंच असणार. जुनं रिव्हॉल्व्हर चुकीच्या काडतुसानं पहिल्याच बाराला फुटतं असं नाही. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि फ्रेम वरच्या खटक्यानं एकत्र धरलेली असतात. जास्त दाबाचा प्रत्येक बार तो खटका आणि खालची बिजागरी थोडीथोडी सैल करतो. बाहेरून काही दिसत नाही.

आता ‘बसली का झालं’. चेंबर म्हणजे फिरत्या सिलिंडरमधलं काडतूस बसतं ते भोक. परवान्यावरचं ०.३२ हे आडनाव समजा, त्या आडनावाची काडतुसं बरीच आहेत. १८७८ चं ०.३२ स्मिथ अँड वेसन : केस (काडतुसाची पितळी नळी) १५.४ मिमी लांब. १८९६ चं ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग : केस २३.४ मिमी. आज आपल्याकडे ‘०.३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस’ म्हणून मिळतं ते हे लाँग. ०.३२ कोल्ट न्यू पोलीस म्हणजे दुसऱ्या नावानं हेच लाँग. पण ०.३२ लाँग कोल्ट वेगळं, त्याची केस जेमतेम ८.१ मिमी जाड. स्मिथच्या चेंबरमध्ये ती खुळखुळते आणि बाराला उभी चिरते. १९८४ चं ०.३२ मॅग्नम तर लांबही आहे आणि बरंच जास्त दाबाचंही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो पिस्तुलाच्या ०.३२ चा, म्हणजे ७.६५ मिमीचा. त्याची केस १७.३ मिमी, जाडी जवळपास लाँगइतकीच, म्हणून ते रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये आरामात उतरतं. पण लाँगचा कमाल दाब चौरस इंचाला १५,००० पौंड धरतात आणि पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५००. वर त्याची रिम (केसच्या बुडाची कडा) अरुंद आणि पातळ. त्यामुळे ते चेंबरमध्ये मागेपुढे हलतं, पिन कधी टोपीवर (केसच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या डबीवर) हलकी पडून बार चुकतो, आणि केस बाहेर काढणारी चांदणी रिमवरून घसरते. दुकानात ‘०.३२ द्या’ एवढंच म्हणू नका. ‘रिव्हॉल्व्हरचं लाँग’ म्हणा आणि डब्यावरचं नाव वाचूनच पैसे द्या.

आखूड काडतूस, म्हणजे १८७८ चं १५.४ मिमीवालं, लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, फक्त नंतर चेंबरमधली काजळीची कडी घासून काढावी लागते. उलटं चालत नाही. आखूडसाठी केलेल्या सिलिंडरमधून साधं लाँग पुढे डोकावतं आणि सिलिंडर अडतो, तेव्हा चूक निदान कळते तरी. पण काही स्वस्त जुन्या सिलिंडरांत चेंबरच्या आतली पायरी (केस संपते तिथं भोक अरुंद होतं ती) कापलेलीच नसते. त्यात सपाट नाकाचं, गोळी पूर्ण केसमध्ये दाबलेलं टार्गेटचं लाँग अख्खं मावतं आणि सिलिंडर फिरतोही. म्हणून ‘बसतं’ हा पुरावा मी मानत नाही.

तपासणी घरीही करता येते. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सहाही चेंबर (काहींत पाचच असतात) उजेडात पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. एका हातात नळी, दुसऱ्यात मूठ धरून बाजूला हलवा. खटक्यात खुळखुळ जाणवली तर तिथंच थांबा. मग सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव देत घोडा हळूहळू मागे घ्या. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर खट्कन जागेवर लॉक व्हायला हवा, आणि हे प्रत्येक चेंबरला पाहायचं. एक जरी मागे राहिला तरी गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. नंतर सिलिंडर मागे दाबून त्याच्या आणि नळीच्या मधली फट मोजा. ट्रॅक्टरचे टॅपेट बसवणाऱ्या मिस्त्रीकडचा फिलर गेज चालतो, पण रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे नेऊ नका, गेज घरी आणा. ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. त्याहून जास्त असेल तर परवानाधारक बंदूक कारागीर.

काडतुसाचं वय हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. टिनाखालच्या खोलीत मे महिन्याची पंचेचाळीस अंशांची धग आणि लगेच पावसाळ्याची ओल, यात दारू आणि टोपी दोन्ही खराब होतात. चामडी पट्ट्यात ठेवलेल्या पितळेवर हिरवा गंज चढतो. तेलाचं फडकं तर काडतुसाला लावूच नका, तेल टोपीत शिरतं. बार ‘फुस्स’ झाला तर पुढचा चाप ओढायचा नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि दुसरी तिच्यावर आदळली की नळी फुगते. नुसताच ‘टक’ वाजला तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. रिकाम्या केसा घरी भरून देणारे कोणी भेटले तर लांब राहा. दारू किती पडली हे त्यांनाही माहीत नसतं, आणि परवान्याशिवाय ते काम गुन्हाही आहे.

आता तुमच्या शिक्क्याचं. अंडाकृतीत ‘ई एल जी’ अशी अक्षरं असतील तर ते बेल्जियममधल्या लिएजचं प्रूफ, म्हणजे दाब सोसण्याच्या चाचणीचा शिक्का, आहे. जवळ सिंह आणि ‘पी व्ही’ असेल तर बिनधुराच्या दारूनं तपासलेलं. नुसता अंडाकृती शिक्का असेल तर ते काळ्या (जुन्या, धुराच्या) दारूचं धरून चाला, आणि आजचं बिनधुराचं कोणतंही काडतूस त्यात घालू नका, कितीही नीट बसलं तरी. भिंग घेऊन शिक्का पाहा, सिलिंडरची लांबी मिमीमध्ये मोजा आणि दोन्ही इथंच लिहा. कारागिराकडे नेताना परवाना सोबत असू द्या.