‘रेस्क्यूचं कुत्रं नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: रेस्क्यूवाल्यांची, म्हणजे रस्त्यावरची कुत्री उचलून, सांभाळून दत्तक देणाऱ्या गटांची, कुत्री रोगट असतात. मोठी झालेली असल्याने लळा लावत नाहीत. फुकट म्हणतात आणि पैसे मागतात, वर पोलिसासारखी चौकशी करतात. त्यातून कन्नड घरात राहिलेलं कुत्रं आपलं ऐकणार नाही. त्यापेक्षा दुकानातून महिन्याभराचं जातिवंत पिल्लू आणा.

रोगाचा मुद्दा आधी घेतो, कारण लोक त्यालाच घाबरतात.

पिल्लांचा मोठा काळ म्हणजे पार्व्हो. विषाणू अंगात शिरल्यावर उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, फार तर दोन आठवडे. म्हणून विकत आणलेलं पिल्लू पहिल्या दिवशी उड्या मारतं आणि आठवडाभरात सलाईनवर जातं. विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही, त्यालाही ते दिसलेलं नसतं. फॉस्टरमध्ये रस्त्यावरून उचललेलं कुत्रं कुणीतरी आपल्या घरात काही आठवडे सांभाळतं आणि मग कायमच्या घरी देतं. पार्व्हो असेल तर तो बहुधा तिथेच बाहेर पडतो, तुमच्या स्वयंपाकघरात नाही.

गोचीडतापाचं मात्र तसं नाही. अंगावर एकही गोचीड नसताना तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. तेव्हा रक्ततपासणीचा कागद मागा आणि प्लेटलेट किती आहेत ते आपल्या डॉक्टरांना दाखवा. लसीचं पुस्तकही बघा: रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात, पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. आणि तुमच्या घरी आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल, तर ते लपवू नका. तो विषाणू अंगणाच्या मातीत वर्षभरही तग धरू शकतो. अशा घरात लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच न्यावं.

‘महिन्याभराचं पिल्लू आणा’ हा सल्ला देऊन मेसेजवाल्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं, हे पिल्लू त्याच वयात आई-भावंडांत शिकतं. तिथून लवकर उचललेलं पिल्लू पुढे पोरांचे हात फोडतं आणि मग लोक म्हणतात, जातच वाईट.

लळ्याबद्दल. दीड-दोन वर्षांचं कुत्रं पहिले दोन-तीन दिवस कॉटखालून बाहेर येत नाही, जेवत नाही, हे खरं. सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: आधी भीती जाते, मग घराची सवय लागते, मग घर आपलं वाटतं. पण मोठ्या कुत्र्याचा एक फायदा पिल्लात कधीच मिळत नाही. ते कसं आहे हे सांगणारा माणूस असतो. दूधवाल्यावर धावतं का? मांजर चालतं का? एकटं राहिलं तर दार ओरबाडतं का? खाताना जवळ मूल गेलं तर गुरगुरतं का? फॉस्टरवाल्या ताईंना हे तोंडपाठ असतं. दुकानदाराला काय माहीत असणार? फार तर किंमत.

आता चौकशी. आडाला कठडा आहे का, गच्चीला भिंत आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का, कुत्रं रात्री कुठे झोपणार, हे प्रश्न लोकांना झोंबतात. पण खानापूर भागात बिबट्याचा वावर आहे आणि अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतं सापडतं. बेळगाव शहराला तरी हे सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ‘कुत्रं नको झालं तर सोडून देणार नाही’ असं लिहून घेतात, त्यातही गैर काही नाही. भटकं कुत्रं दत्तक घेणाऱ्याने ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही हे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय. शिवाय चांगला गट नको झालेलं कुत्रं स्वतः परत घेतो. दुकानात हे विचारून बघा.

पैसे घेतात ते लस, जंताचं औषध आणि नसबंदी यांच्या खर्चापोटी. पावत्या मागा, हक्काने मागा.

कन्नडचं तर हसूच येतं. अहो, आपल्या गल्लीतली कुत्री दोन्ही भाषांत शिव्या खातात आणि दोन्ही भाषांत भाकरी. हाताची खूण, आवाजाचा सूर आणि थोडा खाऊ एवढ्यावर महिनाभरात गाडी रुळावर येते.

जातिवंताची हौस असेल तर शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आहेच. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं होतं. पण ते धावणारं, शिकारी कुत्रं. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याला कोंडायचं आणि वर ‘फार त्रास देतं’ म्हणायचं, हे बरं नव्हे.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे: सगळे गट सारखे नसतात. काही जण कुत्रं लवकर जावं म्हणून चावण्याची खोड सांगत नाहीत. फॉस्टरच्या घरी जाऊन कुत्रं प्रत्यक्ष बघू देत नसतील, लसीच्या पुस्तकावर डॉक्टरांचा शिक्का नसेल किंवा ‘आजच न्या’ असा धोशा लावत असतील, तर तिथून घेऊ नका. जवळ कुणी नसेल तर कोल्हापूर किंवा हुबळीकडच्या गटांना विचारा. घेण्याआधी निदान दोनदा भेट द्या, दुसऱ्यांदा घरातल्या पोरांना सोबत घेऊन.