बिनतक्रार दाढ

दाढ तोंडात असते तेव्हा तिची जागा जेमतेम सेंटीमीटरभर. ती काढली की तिथे अख्खी जीभ राहायला जाते. खालची डावीकडची दाढ गेल्यापासून माझ्या जिभेला दुसरा उद्योगच उरला नव्हता. ऑफिसची मीटिंग असो, कोणी दुःखाची बातमी सांगत असो, ती आपली त्या खड्ड्यात. "चेहरा असा वाकडा का केलात?" बायको विचारायची. "पाहणी चालू आहे," मी सांगायचो.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. एक ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन धडधाकट दातांना घासून त्यांच्या आधाराने मधला दात टांगायचा. गेलेल्या दाढेसाठी तिच्या निरपराध शेजाऱ्यांना शिक्षा करणं माझ्या जिवावर आलं. दुसरा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडातच टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि त्यावर दाताची कॅप चढवायची. "पण फार उशीर करू नका," डॉक्टर म्हणाले, "दात नसला की तिथल्या हाडाला काम राहत नाही आणि ते झिजत जातं." बिनकामाचं झिजणारं काहीतरी माझ्या शरीरात आहे याचं मला नवल वाटलं. बाकीचा सगळा भाग बिनकामाचा असला की वाढतो.

ऑपरेशन दुखत नाही. हे वाक्य मी स्वतः ऐकलं तेव्हा त्यावर विश्वास ठेवला नव्हता, तुम्हीही ठेवू नका. पण खरंच दुखत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. ड्रिल जबड्यात असतं आणि आवाज हाडातून थेट कानात, बाहेरची हवा मध्ये येतच नाही. सोबत थंड सलाइनची धार चालू, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात. मग डॉक्टर सहायिकेला म्हणाले, "चार बाय दहा दे." ते मिलिमीटर आहेत हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे खिडकीची चौकट आली. शेवटी पाना लावून स्क्रू आवळला, कट्ट आवाज झाला, आणि डॉक्टरांनी आकडा सांगितला, "पस्तीस." सहायिकेने तो लिहून घेतला. माझा एक तरी स्क्रू घट्ट असल्याची लेखी नोंद आता उपलब्ध आहे.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आधी सांगितलेलं होतं. तरी आरशात पाहून मी दचकलो. शेजारचे काका म्हणाले, "तब्येत सुधारलीय." एकाच बाजूने सुधारलीय, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मग वाट बघणं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात हाड जरा भुसभुशीत म्हणून त्याहून जास्त, कधी सहासुद्धा. एवढ्या काळात हाडाच्या पेशी टायटॅनियमला चिकटून वाढतात. हे ज्यांच्या लक्षात आलं ते स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क. १९५२च्या सुमारास ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना. महागाचं उपकरण अडकलं म्हणून दुसरा कोणी वैतागला असता. यांना त्यात दात दिसले. १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी इम्प्लांट बसवले, आणि २००६ साली लार्सन गेले तोवर ते काम देत होते. सशाचं मत कोणी विचारल्याची नोंद नाही.

माझं हाड काय करतंय हे कळायला मार्ग नव्हता. हिरडीतून धातूची चकचकीत टोपी तेवढी डोकावत होती आणि जिभेला नवं खेळणं मिळालं होतं. मी उजव्या बाजूने जेवायला इतका सरावलो की डावा गाल नुसता प्रेक्षक झाला.

खरी परीक्षा कॅप बसवायच्या दिवशी. डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरतात आणि म्हणतात, "चावा. आता घासा. उंच लागतंय का?" जन्मभर मी चावत आलो, पण त्या खुर्चीत मला माझा चावाच आठवेना. लागतंय म्हटलं की ते घासत. नाही म्हटलं की संशयाने बघत आणि तरी घासत. त्यामागे कारण आहे. खऱ्या दाताभोवती पातळ गादीसारखा तंतूंचा थर असतो. दाब आला की दात त्यात किंचित दबतो, आणि त्यातल्या नसा मेंदूला कळवतात की काय चावलं, किती जोरात. इम्प्लांट थेट हाडात. तो ना दबतो, ना कळवतो. म्हणून त्याला शेजाऱ्यांपेक्षा कणभर कमी भार देतात.

आणि इथेच मन अडतं. शरीराने ती दाढ कधीच घरात घेतली. मला ती पाहुणी वाटत राहिली. गार पाणी प्यायलो तर बाकीचे सगळे शहारतात, ही ढिम्म. कडक काही आलं की मी आपोआप उजवीकडे सरकवायचो, तिला त्रास नको म्हणून. तिला त्रास होऊच शकत नाही हे मला पाठ होतं, पण गालाला कोण समजावणार? जुनी दाढ रात्री-अपरात्री ठणकून उठवायची, तेव्हा मी तिला काय काय बोललो होतो. आता हिच्या गप्प बसण्याने बेचैन व्हायचो. न बोलणारा माणूस घरात असला की काहीतरी शिजतंय असं वाटतं, तसं.

वाटणं अगदीच चुकीचं नाही. तिला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजू शकते, आणि दुर्लक्ष केलं तर खालचं हाडही हळूहळू जातं, तेही फारसं न दुखता. ती तक्रार करणार नाही, म्हणून तपासणीला आपणच जायचं. बारीक ब्रश घेऊन मी रोज तिच्या आजूबाजूची झाडलोट करतो. इतर दातांना हे खटकत असणार.

एके दिवशी जेवता जेवता लक्षात आलं की घास डावीकडे आहे, आणि बराच वेळ आहे. जीभही तिथे नव्हती. ती वरच्या बाजूला एका जुन्या फिलिंगची पाहणी करत होती.

आता कोणी "दुखतं का हो?" विचारलं की मी मोबाइलमधला एक्स-रे काढतो. पांढराशुभ्र स्क्रू, एकेक आटा स्पष्ट. नस कुठे, तिच्यापासून अंतर किती, तेही दाखवतो. लग्नाचे फोटो मी कोणाला इतक्या हौसेने दाखवले नव्हते, हे बायकोने चारचौघांत बोलून दाखवलंय. जेवणाच्या टेबलावर एक्स-रे काढायचा नाही, असा घरात नियम झालाय. चहाबद्दल अजून काही ठरलेलं नाही.